चट्टा एक, अंदाज पाच

महाडहून खाडीपट्ट्याकडे निघालं की सावित्रीच्या कडेकडेने गावं लागतात, त्यांतलं एक तुडील. लावणी आटोपेपर्यंत इथल्या बायकांच्या पायांच्या बोटांत चिखल्या झालेल्या असतात, ओल्या कपड्यांनी जांघेत नायटा पसरलेला असतो, आणि एका पोराला खरूज झाली की महिनाभरात सगळं घर खाजवत बसतं. हे रोग ओळखीचे, म्हणून त्यांचं निदानही घरच्या घरी उरकतं. घोळ होतो तो न खाजणाऱ्या, न दुखणाऱ्या चट्ट्याचा.

समजा, गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्याच्या दंडावर रुपयाएवढा फिकट चट्टा आहे. आजी म्हणते, "शिबं आहे रे, लिंबू चोळ." मेडिकलवाला नायटा म्हणतो आणि ट्यूब देतो. शेजारीण आवाज खाली आणून कोड म्हणते. हाच चट्टा शाळकरी पोराच्या गालावर असता तर सगळ्यांनी जंतांवर खापर फोडलं असतं. पाचवं नाव कुणी काढत नाही, ते म्हणजे कुष्ठरोग.

हे सगळे नुसतं बघून बोलले. डॉक्टरही बहुतेक वेळा बघूनच सांगतो, रक्त काढत नाही की एक्स-रे काढत नाही. मग त्याच्या बघण्यात जास्त काय असतं, आणि त्यावर विसंबायचं कितपत?

बघणं वेगळं, तपासणं वेगळं

त्वचेचा रोग डोळ्यांसमोर असतो, म्हणून तो ओळखणं सोपं, असा सगळ्यांचा समज आहे. खरं तर त्वचेकडे बोलायला शब्द फार थोडे आहेत. ती लाल होते, काळवंडते, फिकी पडते, कोंडा सोडते, सुजते, फोड आणते. एवढ्याच भाषेत तिला शेकडो रोग सांगायचे असतात. साहजिकच दोन रोग सारखे दिसतात, आणि एकच रोग दोन माणसांत वेगळा दिसतो.

त्यात आपला रंग. गोऱ्या कातडीवर जो चट्टा लालभडक दिसतो तो आपल्याकडे तपकिरी, जांभळट किंवा नुसता काळपट दिसतो. वैद्यकाच्या पुस्तकांतले फोटो वर्षानुवर्षं गोऱ्या कातडीचेच होते. लंडनमधल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने, मलोन मुकवेंडेने, 2020 मध्ये आपल्या शिक्षकांसोबत 'माइंड द गॅप' ही पुस्तिका काढली ती याच तक्रारीतून. सावळ्या त्वचेवर रोग कसे दिसतात हे तीत दाखवलं आहे.

म्हणून तपासणीची पहिली अट म्हणजे उजेड. ट्यूबलाइटखाली फिकट चट्टा दिसतच नाही, ओटीवर किंवा खिडकीशी दिवसाच्या उजेडात दिसतो. दुसरी अट, अंग उघडं हवं. दंडावरचा एक चट्टा दाखवणाऱ्याच्या पाठीवर आणखी सहा असू शकतात, आणि एक की सात यावर कुष्ठरोगाचा प्रकार आणि औषधाची मुदत बदलते. तिसरी अट, हात लावला पाहिजे.

चाकरमान्याचा चट्टा नखाने हलकेच खरवडला आणि पिठासारखा बारीक कोंडा सुटला, तर आजीचं बरोबर, शिबं. काठ उठावदार, त्यावर पुटकुळ्या, मधला भाग बरा होत आलेला आणि मरणाची खाज, तर नायटा. दुधासारखा पांढराफेक असेल, कदाचित त्यावरचे केसही पांढरे झाले असतील, पण स्पर्श शाबूत असेल, तर कोड. मुलाच्या गालावरचा खरबरीत फिकट डाग बहुधा कोरड्या त्वचेचा असतो. त्याचा जंतांशी संबंध नाही, कितीही आज्या शपथेवर सांगोत.

कुष्ठरोगाचा चट्टा फिका किंवा तांबूस असतो, पण दुधासारखा पांढरा कधीच नसतो. त्यावर केस विरळ होतात. एक खूण शेतकऱ्याच्या बायकोलाही कळेल अशी आहे: भर उन्हात काम करून आल्यावर सगळं अंग घामाने निथळतंय आणि तेवढा चट्टा कोरडा. घामाच्या ग्रंथींना जाणारे तंतूच मेलेले असतात.

पेनाचं टोक

यापुढची तपासणी दोन मिनिटांची आहे. साधन म्हणजे बॉलपेन किंवा कापसाची ओढून टोकदार केलेली वात.

आधी डोळे उघडे ठेवून रुग्णाला दाखवायचं: "हे बघा, मी असं टेकवणार. जिथे कळेल तिथे बोट ठेवायचं." मग डोळे मिटायला सांगायचे. पेन अलगद टेकवायचं, ओढायचं नाही, कारण ओढलं की चट्ट्याबाहेरच्या चांगल्या कातडीलाही ते कळतं. सुरुवात चांगल्या जागेवर, मग चट्टा, मग पुन्हा चांगली जागा. आणि तोंडाने "लागतंय का?" असं अजिबात विचारायचं नाही. आपली माणसं भिडस्त असतात, डॉक्टरला बरं वाटावं म्हणून "हो" म्हणतात. बोट ठेवायला सांगितलं की खोटं चालत नाही. चट्ट्यावर पेन टेकलंय आणि माणूस डोळे मिटून तसाच शांत बसलाय, हे एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

ही परीक्षाही सगळीकडे सारखी चालत नाही. चेहऱ्यावर संवेदनेचे तंतू इतके दाट असतात की रोग असूनही तिथे स्पर्श कळतो. तळपाय अनवाणी चालून जाड झालेले असले तर रोग नसतानाही बधिर वाटतात. लहान पोरं खेळ समजून कुठेही बोट ठेवतात.

मग नस. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ती नस कोपराच्या आतल्या बाजूला बोटांखाली लागते. ती जाड झाली आहे का, दाबल्यावर दुखते का, हे दोन्ही हातांची तुलना करून पाहायचं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आणि मानेवरही अशा नसा हाताला लागतात. इथे मात्र दोन डॉक्टरांचं एकमत होईलच असं नाही. कष्टकऱ्याच्या हाताची नस मुळातच जाडसर लागू शकते, आणि कुणाची किती जाड म्हणजे 'जाड' हे तपासणाऱ्याच्या सवयीवर ठरतं. चट्ट्याच्या बधिरतेइतका नसेच्या जाडीवर मी भरवसा ठेवणार नाही. ती चाचपायची नाही असा मात्र याचा अर्थ नव्हे.

मग भरवसा किती?

जागतिक आरोग्य संघटनेने कुष्ठरोगाच्या तीन प्रमुख खुणा ठरवल्या आहेत: निश्चित बधिरता असलेला फिका किंवा तांबूस चट्टा, जाड झालेली नस आणि तिच्या क्षेत्रात बधिरपणा किंवा अशक्तपणा, आणि त्वचेच्या द्रवात सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले जंतू. तिन्हींपैकी एक सापडली तरी निदान पक्कं.

यातली पहिली खूण सर्वांत कामाची, पण तिच्यातही मोठं भोक आहे. नुसत्या बधिर चट्ट्यावर विसंबलं तर सुमारे 30 टक्के रुग्ण निसटतात, असं इथिओपियातल्या एका मोठ्या पाहणीत आढळलं. ती 2000 साली प्रसिद्ध झाली. आणि निसटणारे बहुतेक एमबी प्रकारचे, म्हणजे अंगात जंतू भरपूर असलेले. यांतल्या अनेकांच्या अंगावर ठळक चट्टा नसतोच. त्वचा तुकतुकीत, तेल लावल्यासारखी दिसते, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवयांचे केस बाहेरच्या टोकाकडून गळतात. बघणारा म्हणतो, तब्येत सुधारली हो! ज्याच्यापासून दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता जास्त, तोच पेनाच्या परीक्षेत पास होऊन जातो.

तिसरी खूण प्रयोगशाळेची, म्हणून जास्त पक्की, असं कुणालाही वाटेल. ती पक्की आहे ती एकाच बाजूने. जंतू दिसले तर शंकेला जागा नाही. पण एकूण रुग्णांतल्या जेमतेम निम्म्यांत ते दिसतात, कारण पीबी प्रकारात, म्हणजे पाचपर्यंत चट्टे असलेल्यांत, जंतू इतके थोडे असतात की नमुन्यात येतच नाहीत. हॅन्सन या डॉक्टरने 1873 मध्ये हा जंतू शोधला, तरी आजही तो प्रयोगशाळेत वाढवता येत नाही. त्यामुळे दीडशे वर्षांनंतरही या रोगाचं निदान मुख्यतः माणसाच्या बोटांवरच उभं आहे.

दहा हजारांतले पाच

आरोग्य खातं कुष्ठरोग शोधमोहीम काढतं तेव्हा घरी दोघं येतात, एक आशाताई आणि एक पुरुष स्वयंसेवक. बायकांना ताई तपासते, पुरुषांना तो. अशा मोहिमेत संशयित खूप आणि खरे रुग्ण थोडे निघाले की गावात टीका होते: यांना काही कळत नाही, उगाच घाबरवतात.

थोडं गणित करून पाहू. समजा 10,000 माणसं तपासली, त्यांत खरे रुग्ण 5. ताईची तपासणी खऱ्या रुग्णांतल्या 80 टक्क्यांना पकडते आणि निरोगी माणसांतल्या 98 टक्क्यांना बरोबर सोडून देते, असं धरू. आकडे माझे, पण तपासणी म्हणून चांगलेच आहेत. तर 5 पैकी 4 सापडतील. उरलेल्या 9,995 पैकी 2 टक्के, म्हणजे 200 जण, विनाकारण संशयित ठरतील. यादीत 204 नावं आणि त्यांत खरे 4.

यात ताईची चूक काही नाही. रोग विरळ झाला की चांगली तपासणीसुद्धा अशीच वागते. तिचं काम संशय घेण्याचं, निदान डॉक्टरांचं. तेच डॉक्टर त्या 204 जणांना पुन्हा तपासतात तेव्हा पन्नासात एक रुग्ण असतो, म्हणून त्यांचा निकाल अधिक खरा ठरतो. 'तपासणी किती अचूक' याचं उत्तर ती कुणावर केली यावरही अवलंबून असतं.

शोध थांबवण्याइतका रोग मात्र विरळ नाही. भारताने डिसेंबर 2005 मध्ये दर 10,000 लोकांमागे एकाहून कमी रुग्ण हा टप्पा गाठला, आणि त्याला 'निर्मूलन' म्हटलं गेलं. शब्द चुकला असं माझं मत. 2023 साली जगात सुमारे 1 लाख 83 हजार नवे रुग्ण नोंदले गेले, त्यांतले सुमारे 1 लाख 8 हजार एकट्या भारतात.

ट्यूबने पुसलेला पुरावा

डॉक्टरच्या डोळ्यांना चकवणारी सगळ्यांत मोठी गोष्ट आज रोगात नाही, ट्यूबमध्ये आहे. दुकानात मागितली की मिळते अशा अनेक मलमांत बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि तीव्र स्टेरॉइड एकत्र असतं. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते, काठ सपाट होतो. बुरशी मात्र आत निवांत वाढत राहते. महिन्याने डॉक्टरकडे जाईपर्यंत त्या नायट्याला ना काठ उरलेला असतो, ना कोंडा. वैद्यकात याला 'ओळख न पटणारा नायटा' अशा अर्थाचं लॅटिन नावच आहे. चोराने कपडे बदलले, आणि बदलायला आपणच दिले.

2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. कुठल्याही तालुक्याच्या बाजारपेठेत जाऊन ट्यूब मागून बघा, म्हणजे मनाईची मातब्बरी कळेल. त्यात नायट्याची बुरशीही बदलली आहे. नेहमीच्या टर्बिनाफिन या औषधाला दाद न देणारी एक जात जपानी संशोधकांनी नेपाळी आणि भारतीय रुग्णांत ओळखली. 2020 मध्ये तिला नाव मिळालं ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावात आपला देश आला, अभिमान वाटावा असं काही नाही.

अशा वेळी काठावरचा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीचे धागे दिसतात. शिब्यांच्या कोंड्यात आखूड धागे आणि गोल कण एकत्र असतात, शेवयांत साबुदाणा पडावा तसे. ही परीक्षा स्वस्त आणि झटपट आहे. पण मलम चोपडलेल्या चट्ट्यात तिलाही काही सापडत नाही असं होतं.

विचारपूस हीच अर्धी तपासणी

खरुजेचा किडा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा असतो, आणि साध्या खरुजेत सगळ्या अंगावर मिळून दहा-पंधराच. तो शोधून दाखवणं म्हणजे गवताच्या गंजीतली सुई. म्हणून 2020 च्या आंतरराष्ट्रीय निकषांत खरुजेच्या निदानाच्या तीन पायऱ्या केल्या: किडा दिसला तर खात्रीची, खुणांवरून ठरवलेली, आणि नुसती संशयित. मधल्या पायरीला प्रश्न फार उपयोगी पडतात. रात्री खाज वाढते का? घरात आणखी कुणाला आहे का? बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती पुटकुळ्या आणि दोन्ही प्रश्नांना "हो", एवढं पुरतं. महाडजवळ सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर खरुजेसाठी आंघोळीला जाणारे लोक आहेत. ऊन पाण्याने बरं वाटतं, पण किडा तिथेच असतो.

बिब्याचं तर विचारल्याशिवाय कळतच नाही. गुडघा दुखला म्हणून बिबा लावला आणि तो उतला, की फोड, पाणी आणि काळा डाग. डॉक्टरला नागीण वाटू शकते, भाजल्यासारखं वाटू शकतं, जंतुसंसर्ग वाटू शकतो. रुग्ण बिब्याचं नाव घेत नाही, कारण त्याच्या हिशेबी ते औषध होतं, रोगाचं कारण नव्हे. दुसऱ्या महायुद्धात भारतातल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर पुरळ उठायचं, त्याचा उगमही असाच सापडला. धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्याचा रस वापरत. कॉलरवर खूण, तिच्या बरोबर खाली पुरळ.

महाडचाच दाखला

हाताने आणि डोळ्यांनी केलेली तपासणी किती दूर नेऊ शकते, याचं जगाला माहीत असलेलं उदाहरण याच तालुक्यातलं आहे. विषय त्वचारोगाचा नाही, विंचवाचा आहे, पण त्वचा त्यात आहेच. डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः मुलं, हृदय निकामी होऊन मरत. हाताशी यंत्रं नव्हती. त्यांनी खाटेशेजारी बसून टिपणं केली: उलट्या, अंगभर घाम, गार पडलेले हातपाय. या खुणा दिसल्या की पुढे हृदयावर घाला येणार, हे त्यांनी 1982 च्या 'लॅन्सेट'मधल्या लेखात मांडलं. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून हे मृत्यू फार खाली आणले. औषधाचे डोस किती द्यायचे, तर हातपाय कोमट आणि कोरडे होईपर्यंत. मोजमाप म्हणजे डॉक्टरच्या हाताला लागणारी कातडी. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि अशाच आरोग्य केंद्रात उलटा धडाही मिळतो. मण्यार चावली तर अंगावर बहुधा खूणच दिसत नाही. माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, पापण्या मिटायला लागतात. कातडी स्वच्छ आहे म्हणून साप चावला नाही म्हणणारा डॉक्टर रुग्ण गमावतो.

फोटो पाठवून भागेल?

हल्ली चट्ट्याचा फोटो व्हॉट्सॲपवर मुंबईच्या भाच्याला जातो, आणि सरकारची ई-संजीवनी ही दूरसल्ल्याची सेवाही आहे. तुडीलसारख्या गावातून त्वचारोगतज्ज्ञ गाठायचा म्हणजे अख्खा दिवस मोडतो, त्यामुळे फोटोची सोय मी नाकारणार नाही. खरूज, नागीण, चामखीळ फोटोवरून बऱ्यापैकी ओळखू येतात. पण फोटोत चट्टा बधिर आहे की नाही ते दिसत नाही, नस चाचपता येत नाही, आणि मोबाइल रंग आपल्या मर्जीने उजळ करतो. फिकट चट्ट्याचं निदान फोटोवर घेऊ नये.

तज्ज्ञाचा डोळाही काही ठिकाणी कमी पडतो. तिळातून होणाऱ्या मेलानोमा या कर्करोगाचे जगभरचे अभ्यास 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात एकत्र केले, तेव्हा समोर बसवून नुसत्या डोळ्यांनी तपासलं तर 100 पैकी सुमारे 76 कर्करोग सापडतात आणि डर्मोस्कोप हे उजेडाचं भिंग लावलं तर सुमारे 92, असा हिशेब निघाला. आपल्याकडे हा कर्करोग कमी, पण न भरणारी जखम किंवा वाढता काळा डाग दिसला, विशेषतः तळपायावर, तर तुकडा काढून तपासणं टाळू नये. मिरीच्या दाण्याएवढा तुकडा असतो, जागा बधिर करून काढतात.

जाताना काय करावं

सकाळी जा, उजेडात दाखवा. त्या दिवशी चट्ट्याला काही लावू नका, आणि आजवर जे जे लावलं ते, लिंबापासून बिब्यापर्यंत, लाज न बाळगता सांगा. डॉक्टरने हात न लावता, शर्ट न काढायला लावता निदान सांगितलं तर "जरा स्पर्श तपासता का?" असं विचारायला हरकत नाही. निदान झालं आणि तीन आठवडे औषध घेऊन काहीच फरक नसेल तर पुन्हा त्याच डॉक्टरकडे जा, कारण औषधाला चट्टा काय उत्तर देतो हीसुद्धा तपासणीच असते. दर वेळी नवा डॉक्टर गाठला तर ती कुणालाच करता येत नाही.

कुष्ठरोगाची बहुविध औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पीबीला 6 महिने, एमबीला 12. आणि घरातल्या सगळ्या ट्यूबा, अर्ध्या संपलेल्या, टोपण हरवलेल्या, एका पिशवीत घालून बरोबर न्या.